अप्पांच्या समुद्रातला खेकडा

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या अप्पांनी घरात समुद्र पाळला होता.

समुद्र म्हणजे चार फुटी काचेची पेटी. तीत मीठ कालवलेलं पाणी, मुंबईहून मागवलेले समुद्रातले दगड, काही गोगलगायी आणि दोन नारिंगी मासे. "इथं प्यायला न्हाई अन् हे काय?" असं कुणी विचारलं की अप्पा शांतपणे म्हणत, "खारं हाय. पिऊन बघा." उन्हानं पेटीतलं पाणी आटायचं. रोज लागणारं तांब्याभर गोडं पाणी अप्पा स्वतःच्या आंघोळीतून काढत.

अशा दगडांना चिकटून नको ते जीवही येतात. अप्पा त्यांना 'बिनबुलाये' म्हणत. पेंडीचं दुकान बंद केल्यापासून त्यांचा दिवस भिंग घेऊन दगड न्याहाळण्यात जाई. "आधी वळख करून घेऊ, मंग हाकलू." केसाळ किडा दिसला तर, "ऱ्हाऊ द्या, खरकटं खातोय गरीब." काचेसारखं फूल दिसणारा डंखी जीव उगवला तर त्यात इंजेक्शनच्या सुईनं लिंबाचा रस सोडत. "तोडलं तर एकाचे धा हुतात, सर."

एके दिवशी गोगलगायींचे नुसतेच शंख उरलेले दिसले. अप्पा माझ्या दारात आले. "सर, आत कुणीतरी हाय."

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून हा मान. रोज संध्याकाळी दिवा मालवून, टॉर्चला लाल कागद लावून आम्ही बसू लागलो. तिसऱ्या दिवशी दगडाच्या भोकातून नांगी बाहेर आली. टोक काळं, अणकुचीदार.

"मांस खाणारा खेकडा हाय," अप्पा म्हणाले.

त्याला पकडायचा बेत ठरला: काचेचा पेला दगडाला तिरका टेकवायचा, तळाशी आमिष ठेवायचं. खेकडा आत घसरतो, वर चढू शकत नाही. पण आमिषाला झिंगा हवा. अप्पांच्या गळ्यात लिंग, घरात कधी अंडंही आलेलं नाही. अप्पा तोंडाला रुमाल बांधून मासळीवाल्यापुढं उभे राहिले.

"एक झिंगा द्या."

"एकच?"

"पाव्हणा एकच हाय."

मी रोज जात राहिलो. पेला रोज रिकामा. काकू गेल्यापासून अप्पा फारसे बोलत नसत. खेकड्याची वाट बघता बघता मात्र काकूंबद्दल, पुण्यातल्या लेकाबद्दल लई बोलले.

दहाव्या दिवशी चहाचा कप ठेवायला मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर लोणच्याची बरणी, तीत खारं पाणी, हवेची नळी आणि काळ्या नांग्यांचा खेकडा.

"अप्पा, हा कधी सापडला?"

"मंगळवारीच."

"आज सोमवार. सांगितलं नाहीत?"

अप्पा भिंग पुसत राहिले. "सांगितलं असतं तर तुमी कशाला आला असता?"

मी येऊन पुन्हा पेटीसमोरच्या खुर्चीवर बसलो. "असले खेकडे बहुधा जोडीनं येतात," म्हणालो. विज्ञानाच्या मास्तरानं असं खोटं बोलू नये.

अप्पांनी उठून दिवा मालवला.