बशीरचाचांचा बिनसंवादाचा पिक्चर

बशीरचाचा चहासुद्धा अर्ज करून मागायचे. श्रीगोंद्याच्या तहसील कचेरीबाहेर, लिंबाखाली त्यांचं टेबल. टेबलावर काळा टाईपरायटर. तिथूनच टपरीच्या दिशेनं खणखणीत आवाज जायचा : "अर्जदाराचा घसा कोरडा पडलेला असून पहिला चहा पानचट निघाला. सबब, मेहेरबानांकडून दुसऱ्या कडक चहाचा हुकूम व्हावा!"

टपरीवाला ओरडायचा, "अर्ज मंजूर!"

आता कचेरी नव्या इमारतीत गेली आणि त्या लिंबाखाली मोटारसायकली लागतात. पण मी लग्न होऊन या गावात आले आणि तिथे झेरॉक्सचं दुकान टाकलं, तेव्हा सगळं गाव मला पाच मिनिटांत समजावून दिलं ते चाचांनीच. "बेटा, तुझ्या दुकानाच्या पूर्वेस मी, पश्चिमेस वडापाव, दक्षिणेस सरकार आणि उत्तरेस गटार. चारी बाजूंनी सांभाळून राहा."

चाळीसेक वर्षं लोकांचे अर्ज लिहून लिहून ती भाषा त्यांच्या अंगात मुरली होती. एकदा सोमवारच्या बाजारात चाची बरोबर होत्या, तर ओळख करून दिली : "ह्या रुकय्याबी. वय सज्ञान, धंदा घरकाम, राहणार माझ्याच घरी." चाची हसल्या. मी "कशा आहात?" म्हणून विचारलं, तरी नुसत्या हसल्या. मला वाटलं, अबोल असतील.

एका दुपारी कॉलेजची एक मुलगी फॉर्मची प्रिंट काढायला आली. नवोदित लेखकांसाठी पटकथा लिहिण्याची स्पर्धा होती कसली तरी. एक प्रिंट वाकडी निघाली, ती मी बाजूला टाकली. कागद दिसला की वाचायचा हा चाचांचा धर्म. त्यांनी तो उचलला, चष्मा पुसला आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

"बेटा, नवोदित म्हंजे?"

"नव्यानं उगवलेला लेखक."

"वयाची अट?"

"नाही दिसत."

"मग मी बसतो ह्यात. इतकी वर्षं लिवतोय, पन अजून उगवलोच न्हाई."

मी हसले. ते हसले नाहीत. आठवड्याभरात अर्जासाठीच्या जाड लेजर पेपरवर टाईप केलेली पहिली दहा पानं माझ्या काउंटरवर आली. स्पर्धेला कॉम्प्युटरवर केलेली प्रत ईमेलनं पाठवायची होती, ते काम माझ्याकडे.

पहिलं दृश्य एसटी स्टँडचं. चाचांनी त्याची चतुःसीमा दिली होती : पूर्वेस रसवंती, पश्चिमेस मुतारी, दक्षिणेस मोकळी जागा, उत्तरेस डांबरी रस्ता. खाली लिहिलं होतं, "नायक हा सज्ञान असून नायिकेवर राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दबावास बळी न पडता प्रेम करीत आहे."

"चाचा, ही पटकथा आहे, खरेदीखत नाही."

"खरेदीखतात तरी काय आसतं, बेटा? दोन पार्ट्या अन एक जागा."

पण टाईप करता करता मी गुंतत गेले. नवीन लग्न झालेलं जोडपं नगरला पिक्चर बघायला निघतं. एसटी चुकते. मग उसाच्या ट्रॅक्टरला हात करतात, मागं ट्रॉलीत मोळ्यांवर बसतात. वाटेत तिची चप्पल रस्त्यावर पडते, पण ड्रायव्हरला हाक ऐकू जात नाही. थिएटरपाशी पोचतात तर खेळ सुटलेला. परत येताना अंधार पडायच्या बेताला त्यांना ती चप्पल दिसते. कुणीतरी ती उचलून रस्त्याकडेच्या बाभळीला अडकवून ठेवलेली असते. संपला पिक्चर.

सगळं चांगलं होतं, फक्त दोघं अख्ख्या पिक्चरमध्ये एक शब्द बोलत नव्हते. आणि नियमात स्पष्ट होतं, पटकथा संवादांसह हवी.

"चाचा, थोडे संवाद टाका."

"संवादाला हरकत हाय."

"कुणाची?"

"माझी."

"अहो, पण नियम आहे."

"नियमाला बी हरकत हाय."

मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. त्यांचं भलं करावं म्हणून मीच एक वाक्य घातलं. चप्पल पडते तिथे नायिका म्हणते, "अहो, माझी चप्पल!" चाचांनी प्रिंट वाचली. लाल पेननं ते वाक्य खोडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "बेटा, अर्जदारानं न सांगितलेलं वाक्य मी कधी त्याच्या तोंडी घातलं न्हाई!" कागद गोळा करून ते निघून गेले.

दोन दिवस टेबल रिकामं. तिसरा दिवस शेवटच्या तारखेचा. मला राहवेना. दुकान बंद करून मी त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. दोन हाका मारल्या, कुणी ओ देईना, म्हणून आत डोकावले.

अंगणात बशीरचाचा एका पायात चप्पल घालून, हवेतली ट्रॉली धरून हिंदकळत होते. चाची बाजेवर बसून, तोंडाला पदर लावून हसत होत्या. मध्येच त्यांनी हात वर करून चाचांना थांबवलं आणि स्वतःच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं, पडली ती ह्या पायातली. चाचांनी मुकाट्यानं चप्पल उजव्या पायात घातली आणि पुन्हा हिंदकळायला सुरुवात केली.

मला बघितल्यावर ते ओशाळले. मला घेऊन दाराबाहेर आले.

"तिला ऐकू येत न्हाई, बेटा. लई वर्षं झाली. मशीन लावून बघितलं, नुसतं घरघरतं म्हनली, काढून ठिवलं. लगीन झालं तवा आमी दर महिन्याला नगरला पिक्चरला जायाचो. आता टीव्ही लावला की ती उठून आत जाती. सगळ्या तालुक्याचं म्हननं सरकारला कळंल असं लिवलं मी. म्हटलं, एकदा तिला कळंल असं लिवावं."

संध्याकाळी मी माझं वाक्य काढून टाकलं आणि पटकथा होती तशी पाठवली.

दीड महिन्यानं निकाल आला. यादीत चाचांचं नाव नव्हतं. मी ती त्यांना वाचून दाखवली.

"अपील कुठं करायचं?"

"ह्यात अपील नसतं, चाचा."

"मग निकाल मान्य," ते म्हणाले. टाईपरायटरवर झाकण घातलं आणि भर दुपारी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला टेबलावर येऊन बसले. थोड्या वेळानं माझ्या दुकानात चाची आल्या. एकट्या, पहिल्यांदाच.

"नंबर न्हाई लागला ना?" सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्यानं त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"कळलंच मला. काल घरी आल्यापासनं तीनदा दाखिवला मला पिक्चर. त्यांना म्हनावं, आता दुसरा लिवा. ह्यातली चप्पल घावती, ते मला पाठ झालंय."

मी बाहेर टेबलाकडे बोट दाखवलं, मग त्यांच्याकडे. तुम्हीच सांगा ना!

चाचींनी आवाज खाली आणला. "मी सांगितलं की ते बोलाय लागत्यात. लई वेळ बोलत्यात. मला नुसतं तोंड हललेलं दिसतं. मग दोघांलाबी वाईट वाटतं. तूच सांग."

मी जाऊन सांगितलं. चाचांनी वळून दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या चाचींकडे बघितलं. अर्जदार, सबब, मेहेरबान, काही म्हणजे काही बोलले नाहीत. पक्षकारांसाठी ठेवलेल्या स्टुलावरचे कागद उचलून मांडीवर घेतले आणि ते स्टूल स्वतःच्या शेजारी ओढलं.

चाची दुपारच्या नमाजाची वेळ होईपर्यंत तिथे बसून होत्या.