चाचणी पाटलाचं ताट

चंद्रभानरावांची लेकीला घातलेली अट सरळ होती.

"दुसऱ्याच्या चुका काढायच्या, ह्याचं बी शिक्षण अस्तंय व्हय? ते तर तुझी आत्या फुकट करती! एक तरी कामाची चूक काढून दाखव, मंग जा पुण्याला शिकायला. न्हाईतर माघात लगीन."

परभणीच्या क्लासात सॉफ्टवेअर तपासायला शिकणाऱ्या भक्तीनं ओढणी कमरेला खोचली. चूक शोधायला लांब जायची गरज नव्हती. नव्या घराच्या वास्तुशांतीचं पेडगावातल्या दोनशे दहा घरांना चूलबंद आवतन होतं, म्हणजे त्या दिवशी कुणी चूल पेटवायची नाही, अख्खं घर जेवायला. चुलतभाऊ महारुद्रनं त्यासाठी ॲप केलं होतं. नाव टाका, किती जण येणार ते टाका, बेरीज थेट रंगनाथ आचाऱ्याच्या मोबाइलवर. बेरीज आली होती दोनशे दहा.

"कापसाची वेचणी चालू हाय. घरटी एकच जण यायलाय," चंद्रभानरावांनी निकाल दिला.

करणाऱ्याच्या मनातही आलं नसेल ते टाकून बघा, असं क्लासचे सर सांगत. चालू कामावर मात्र कधीच तपासणी करू नका, असंही सांगत. पण ते वहीच्या पुढच्या पानावर होतं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी भक्तीनं 'चाचणी पाटील' या नावानं पाचशे माणसं टाकली. ॲपनं निमूट गिळली.

"पहिली चूक!" ती हरखली. नोंद पुसायला गेली, तर पुसायची सोयच नव्हती. "दुसरी!" मग तिनं उणे पाचशे टाकले. ॲपनं उण्याची रेघ तेवढी खाल्ली आणि आणखी पाचशे वाढवले.

तिसरी चूक मोजायच्या आत अंगणातून आरोळी आली. "बाराशे दहा? आधी सांगायचं न्हाई व्हय, मालक!" आणि रंगनाथनं वांग्यांसाठी टेम्पो मानवतच्या बाजाराला पिटाळलासुद्धा.

टेम्पो भरून परत आला, तेव्हा चंद्रभानराव मोबाइलवर ॲपची यादी बघत दारातच उभे होते.

"ह्यो चाचणी पाटील कोण हाय? हजार माणसं घेऊन यायलाय त्यो?"

"मीच हाय, आबा," भक्ती पुटपुटली.

"माघात लगीन!" चंद्रभानराव गरजले. "रंगनाथ, वांगे माघारी धाड."

भक्तीला रडू फुटलं. पण आपण केलेली घाण आपणच काढावी, म्हणून ती डोळे पुसत यादी तपासायला बसली. प्रत्येक नावापुढे एक. समोरच्या धुरपताबाईंपुढेही एक, आणि त्यांच्या घरात तर अकरा माणसं! ती तडक त्यांच्या ओट्यावर गेली.

"काकू, उद्या तुमी एकट्याच यायलाव?"

"एकटी कामून? समदे येतेत की."

"मंग एकच कामून टाकला?"

"चूलबंद आवतन दिलंय नं तुझ्या बापानं? मंग डोकी मोजून सांगायची व्हय? लाज न्हाई वाटायची? एक चूल, एक आकडा. समद्या गावानं तसंच केलंय."

भक्ती धावत सुटली आणि टेम्पोच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "रंगनाथमामा, वांगे उतरवा! दोनशे दहा चुली हायेत, माणसं न्हाईत!"

चंद्रभानरावांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः चार घरी विचारून पाहिलं, आणि येऊन गुपचूप पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी पंगतींवर पंगती उठल्या. शेवटी घरचे जेवायला बसले, तेव्हा पातेल्याच्या बुडाशी भाजी जेमतेम उरली होती. चंद्रभानरावांनी ती भाकरीवर घेतली आणि इकडेतिकडे बघितलं.

"त्या चाचणी पाटलाला ताट वाढलं का न्हाई? लय अब्रू वाचवली त्यानं."

"जेवायलाय की त्यो," भक्ती मान वर न करता म्हणाली.

"मंग पोटभर जेव म्हणाव. पुण्याला वांगे असे भेटत न्हाईत."