खताला जागणारा तीळ

माणसं मिठाला जागतात तशी पिकं खताला जागतात, आणि कुठलं पीक किती जागतं हे आपल्याएवढं अख्ख्या पेडणे तालुक्यात कुणाला कळत नाही, असं चोपड्याच्या कृष्णनाथांचं प्रामाणिक मत होतं. बँकेतून निवृत्त होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, पण नत्राविषयी ते असं बोलत की जणू नत्र म्हणजे त्यांच्या घरचंच माणूस!

संशोधन केंद्रातल्या सिद्धी मॅडमनी त्यांना तिळाच्या दोन जाती दिल्या होत्या, एक काळी आणि एक पांढरी. परसात चार वाफे. प्रत्येक जातीचा एक युरिया घालून, एक बिनयुरियाचा. एखादी जात ढीगभर नत्र खाऊन नुसती पानं वाढवते, एखादी चिमूटभरात बोंडं धरते. ती कुठली ते बघायचं. चांगलं जमलं तर कृषी मेळाव्यात तुमचं भाषण ठेवू, असं मॅडम सहज बोलून गेल्या. झालं! कृष्णनाथांनी त्याच दिवशी कोट इस्त्रीला टाकला.

"बिनयुरियाच्या वाफ्यात कणभरही युरिया पडता कामा नये हां," त्यांनी बायकोला, कमलाक्षीला, बजावलं.

"माका काय करूचो आसा तुमचो युरिया," ती म्हणाली.

आणि आषाढात आक्रीत घडलं. मागच्या दाराजवळचा पांढऱ्या तिळाचा उपाशी वाफा असा तरारला की युरिया खाणाऱ्यांनी लाजावं. कृष्णनाथ हुरळले. शेजारच्या शिवदासनंही तीळच पेरला होता. त्याला त्यांनी कुंपणावरून उपदेश केला, "युरिया बंद कर. माझो तीळ हवा खाऊन वाढता. तुझो पण वाढतलो." बिचाऱ्यानं बंद केला. मग मॅडमना फोन गेला. बघायला येते, त्या म्हणाल्या.

श्रावण लागला आणि वाफा पिवळा पडू लागला. आधी खालची पानं, मग वरची. कृष्णनाथांची झोप उडाली. पाणी साचलंय म्हणून चर खणला, कीड असेल म्हणून पानन्‌पान उलटून बघितलं, शेवटी ग्रामदेवी सातेरीला नारळ ठेवला. शिवदासचा तीळ तर कधीच पिवळा पडला होता. तो रोज कुंपणाशी येऊन काही न बोलता बघत राहायचा, आणि तेच जास्त लागायचं.

मॅडम आल्या, वाकून पानं बघितली, पेन काढून वहीत टिपलं. "काका, आषाढात याला असं काय मिळत होतं, जे आता मिळत नाही?"

"काही नाही. नुसती हवा," कृष्णनाथ म्हणाले. ते त्यांचं त्यांनाही पटलं नाही.

चहा घेऊन आलेली कमलाक्षी दारातच थांबली. "मासळी धुतलेला पाणी," ती म्हणाली. "ता मी माडाक घालतंय. पण तितक्या पावसात माडापर्यंत कोण जातला? दारातसूनच मारी ह्या वाफ्यात. आता श्रावण. घरात मासळीच नाय तर पाणी खंयचा? युरियाक मात्र मी हात लावूक नाय."

कृष्णनाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मासळीतलं नत्रही नत्रच, काका. हा वाफा बाद."

"आणि भाषण?"

"पुढच्या वर्षी बघू."

इतक्यात कुंपणापलीकडून शिवदासनं कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. "वहिनी, पाणी बांगड्यांचा की सुंगटांचा?"

कृष्णनाथ त्याच्या अंगावर खेकसायला वळले, आणि बघतात तर काय, मॅडमनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं होतं.