गुरुजींच्या वतीने आठ हजार पावलं

दुपारी बारा वाजता घरी दिवाकर गुरुजींनी मोबाइलसाठी पिशवीत हात घातला आणि हाती ओला टॉवेल लागला. त्याखाली ओलं धोतर, त्याखाली चुरमुऱ्यांची पुडी. पिशवी त्याच साडीच्या दुकानाची, तशीच पिवळी. पण आपली नव्हे.

सोवळ्याला खिसा नसतो, तिथेच सगळं घोडं अडलं होतं. सकाळी रामकुंडावर इगतपुरीच्या रविराजकडून त्याच्या आजोबांचं श्राद्ध करवून घेताना त्यांनी मोबाइल पिशवीत ठेवला होता, आणि रविराज नेमकी तीच पिशवी उचलून गाडीत बसला होता.

मोबाइल काय, आज ना उद्या परत आला असता. प्रश्न आजच्या आठ हजार पावलांचा होता.

सोवळ्याची गाठ पोटावर बसेना, तेव्हापासून गुरुजींनी चार अ‍ॅप धरली आणि सोडली होती. पहिल्यातली बाई इंग्रजीतून अंगावर ओरडायची. दुसऱ्याला घास न् घास कळवावा लागे, आणि श्राद्धाचं जेवण कळवलं की ते दिवसभर लाल होऊन बसे. उरलेल्या दोघांची नावंही आता आठवत नव्हती. पाचवं गरीब होतं, नुसती पावलं मोजायचं. त्यातच तेरा वर्षांच्या लेकीने, मृण्मयीने, हार्मोनियमचा क्लास सोडायचं काढलं. "धरलेलं तडीस न्यावं," असं गुरुजी म्हणायला आणि "आधी तुम्ही न्या ना!" असं ती म्हणायला एकच गाठ पडली. पैज लागली. एकवीस दिवस, रोज संध्याकाळी सातच्या आत आठ हजार. एक दिवस चुकला की क्लास बंद. अ‍ॅप तिच्या आईच्या फोनलाही जोडलेलं होतं, म्हणजे लबाडीला जागा नको. पेटी गुरुजींच्या आईची होती. ती माळ्यावर धूळ खात पडणार, या विचारानेच त्यांना भरून यायचं. आज एकविसावा दिवस, आणि झाली होती दोन हजार शंभर.

त्यांनी पत्नीच्या, उत्तराबाईंच्या, फोनवरून स्वतःला अकरा वेळा फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. दुपारी गंगापूर रोडला वास्तुशांत होती. तिथे गुरुजींनी एकच मंत्र दोनदा म्हटला. घरी आल्यावर, सव्वापाचला, पलीकडून जांभई ऐकू आली.

"कोण? गुरुजी? रात्रपाळी हाय ना, झोपलो होतो. तुमचा फोन हाय की इथं!"

"रविराज, आत्ताच्या आत्ता घेऊन या!"

"आठला ड्यूटीवर हजर व्हायचंय. जाऊन-येऊन कसं जमायचं?"

गुरुजी सगळं सांगून मोकळे झाले.

"गुरुजी, आमच्या आजोबाला तुम्ही इथून पाणी पोचवता ना? मग माझी पावलं इगतपुरीहून पंचवटीत नाय पोचणार?"

"अहो, ते शास्त्र वेगळं."

"वेगळं कसं? तुमचं गोत्र सांगा."

तेवीस वर्षं गुरुजी लोकांना गोत्र विचारत आले होते. आज त्यांचा आवाज बारीक झाला. "काश्यप."

"काश्यप गोत्र, दिवाकर नाव. सोडलं पाणी. निघतो. पाऊस लय हाय, पण प्लॅटफॉर्मवर चालतो."

गुरुजी "फिरून येतो" म्हणून घराबाहेर पडले आणि गोदाघाटाच्या पायरीवर मान खाली घालून बसले. सात वाजायला पाच मिनिटं असताना ते धापा टाकत घरात शिरले.

मृण्मयी आईचा फोन घेऊन दारातच उभी होती.

"आठ हजार सेहेचाळीस," ती म्हणाली. "कुठे फिरलात, बाबा?"

"कुठे म्हणजे? नेहमीचंच. घाटावर."

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. अ‍ॅपमधल्या, गुरुजींनी कधीच न उघडलेल्या नकाशावर एक निळी रेघ इगतपुरी स्टेशनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सतरा वेळा गेली होती.

उत्तराबाईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजींनी घसा खाकरला. "संकल्प करून आपल्या वतीने दुसऱ्याने केलेलं कर्म आपल्यालाच पोचतं. माझं घर त्यावरच चालतं."

"नक्की?"

"नक्की."

मृण्मयी देवघरातून ताम्हण आणि पळी घेऊन आली. तळहात पुढे करून म्हणाली, "मग सोडा माझ्या हातावर पाणी. एकवीस दिवसांची साखळी तुटली नाही, क्लास सुरू राहणार. माझ्या वतीने तुम्ही जायचं."

सोमवारपासून गुरुजी आठ-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत मांडी घालून सा रे ग म बडवू लागले. क्लास लांब आहे. चालत जाऊन-येऊन आठ हजार भरतात, त्यामुळे पाचवं अ‍ॅप काही सुटलं नाही. घरी मात्र ते आईच्या पेटीवर सरावाला बसले की तिसऱ्या ओळीला हटकून चुकतात. मृण्मयी पाच मिनिटं कानावर हात ठेवून बसते, मग उठून येते.

"सरका, बाबा!" ती म्हणते आणि पेटी स्वतःकडे ओढते.

गुरुजी मुकाट्याने सरकतात. ती ओळ त्यांना आता चांगली येते, पण ते कुणाला सांगत नाहीत.