पंचनदरावांची पंगत

मी एका माणसाला चुकीच्या पंगतीत बसवलं. माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या आहेत, आणि मी त्या लोणच्यासारख्या मुरवत ठेवतो असं माझी बायको सुमन म्हणते. पण बाकीच्या चुका निदान जेवताना आठवत नाहीत. ही नेमकी पान वाढलं की आठवते.

त्या माणसाचं नाव पंचनदराव. मद्रासच्या कस्टम हाऊसात ते हार्डवेअरचे अप्रेझर होते. मीही तिथेच, त्यांच्या हाताखाली. बोटीतून उतरलेली बिजागरी, कडी, कुलूप हातात घ्यायचं, ती वस्तू नक्की काय आहे ते ठरवायचं आणि जकातीच्या पुस्तकातल्या योग्य सदरात घालायचं, हे आमचं काम. सदर बदललं की जकात बदलते. त्यामुळे प्रत्येक व्यापारी आपली वस्तू ती सोडून दुसरंच काहीतरी आहे, असं शपथेवर सांगायला तयार असे. आम्ही बाकीचे पुस्तक चाळून मोकळे होत असू. पंचनदराव एका खिळ्यासमोर दुपारपर्यंत बसत.

"हें काय आहे तें विचारूं नये," ते म्हणत, "हें कशासाठी जन्मलं तें विचारावं."

ते तंजावरचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिल्यामुळे त्यांची मराठी आमच्या पणजोबांसारखी, आणि बोलण्याची चाल तमिळ. पहिल्या दिवशी त्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं.

"माल कुठला? पुणें?"

"सांगली."

"बंदर आहे?"

"नाही."

"मग जवळचं मोठं गांव धरायचं. पुणें."

तेव्हापासून मी पुणेकर.

त्यांचा एक नियम होता : पेटी उघडल्याशिवाय सही नाही. एकदा दाराच्या मुठींची खोकी आली. बाहेर लिहिलेलं, कागदपत्रांत लिहिलेलं, सोबत चित्रसुद्धा. पंचनदरावांनी खोकं फोडलं, गवत उपसलं, आतल्या पुड्या सोडल्या, आणि घाम पुसत समाधानानं म्हणाले, "पाहिलंत? दाराच्या मुठीच आहेत."

"ते बाहेर लिहिलंच होतं की."

"लिहिलं होतं. आतां ठाऊक आहे."

दुसरा नियम 'इतर'बद्दलचा. जकातीच्या पुस्तकात हार्डवेअरचं एक सदर असं होतं की ज्यात कुठेच न बसणारं सगळं ढकलता यायचं. घाईच्या दिवशी आमचा अर्धा माल तिथे जायचा. पंचनदरावांना ते सदर दिसलेलंही खपत नसे. "ती धर्मशाळा आहे, पुणेकर. कोणतीहि वस्तु इतर म्हणून जन्मत नाहीं. जिची कोणी चौकशी केली नाहीं, ती इतर."

एका व्यापाऱ्यानं पितळेचे वाकडे आकडे आणले आणि ते विणकामाच्या यंत्राचे भाग आहेत असं सांगितलं. यंत्राच्या भागांवर जकात कमी. साहेब म्हणाले, घाला इतरमध्ये आणि संपवा. पंचनदरावांनी एक आकडा खिशात टाकला आणि गावभर हिंडवला. न्हाव्याला दाखवला, देवळातल्या हत्तीच्या माहुताला दाखवला. माहूत म्हणाला, हत्तीचा नाही. पंचनदरावांनी ते टिपून घेतलं. मग एग्मोर स्टेशनसमोरच्या एका हॉटेलात आम्ही कापी, म्हणजे तिकडची कॉफी, घेत असताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या पडद्यावर गेली. मी नको नको म्हणेपर्यंत ते खुर्चीवर चढले होते. पडदा दांडीसकट खाली आला. मागे हॉटेलचे मॅनेजर घरून आणलेला दहीभात खात बसले होते.

पंचनदरावांनी पडद्याचा आकडा आणि खिशातला आकडा शेजारी शेजारी धरले.

"पडद्याचा आकडा," ते मॅनेजरांना म्हणाले. "मोठा उपकार झाला. जेवा."

मद्रासच्याच तिरुवल्लिकेणी भागातल्या एका घरात पुढच्या दोन खोल्या माझ्या, मागची त्यांची. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. इतर दिवशी मेसमध्ये जेवत, रविवारी आमच्याकडे. येताना केळीचं पान स्वतःचं आणत. एका रविवारी सुमनची विळी त्यांच्या दृष्टीस पडली. पुढे पातं, पात्याच्या टोकाला नारळ खवायची खवणी, खाली लाकडी पाट. ही सुरी, की खवणी? विळी घेऊन ते खिडकीशी बसले. पडवळ टोपलीत तसंच राहिलं. दोनदा वसंताला, म्हणजे आमच्या मुलाला, विळी आणायला पाठवलं. दोन्ही वेळा तो "अजून ठरलं नाही" असा निरोप घेऊन आला. शेवटी सुमन स्वतः गेली.

"राव, झालं का?"

"झालं, अम्मा. सुरी हातांत धरतात, हिच्यावर बसतात. पातें मागाहून आलं, बैठक मूळची. फर्निचर."

"बरं," सुमन म्हणाली, "पुढच्या वेळी पाहुणे आले की बसायला देते."

त्या दिवशी आम्ही ताक-भात जेवलो.

पुढे ते निवृत्त झाले. दुसऱ्या वर्षी वसंताची मुंज ठरली. पंचनदराव आठवडाभर आधी येऊन उंबऱ्याशी उभे राहिले. "मी येऊन काय धरूं? अंतरपाट?"

"काही धरू नका, नुसते या," मी म्हणालो. मला वाटलं, मी त्यांचा मान ठेवला.

मुंज जवळच्याच एका छत्रात, म्हणजे तिकडच्या कार्यालयात होती. सांगलीहून दोन्हीकडचे नातेवाईक आले होते, कस्टम हाऊसातले साहेब यायचे होते आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. जागा अपुरी, म्हणून पंगती तीन केल्या. पहिली घरच्यांची, दुसरी ऑफिसची, तिसरी इतरांची. तिसरीत नादस्वरवाले वाजंत्री, मांडववाला, फुलवाला. दाराशी माझा मेहुणा दत्तू उभा. तो येणाऱ्याला विचारायचा, आपण घरचे की ऑफिसचे, आणि त्याप्रमाणे बसवायचा.

साहेबांच्या पानावर पापड मोडका आला होता. मी तो बदलत होतो. तेवढ्यात दत्तू मागून म्हणाला, "दाजी, दाराशी एक म्हातारे आहेत. घरचे की ऑफिसचे विचारलं, तर मघापासून विचारच करताहेत."

मी वळूनही पाहिलं नाही. म्हणालो, "बसव इतरांत."

रात्री सुमननं अंगावरचे दागिने काढता काढता सांगितलं. "राव नादस्वरवाल्याशेजारी बसले होते. मी भात वाढायला गेले तर म्हणाले, अम्मा, सदर बरं आहे, वारा येतो." मग तिनं फडक्यातून एक पंचपात्र आणि पळी काढली. वसंताच्या संध्येसाठी. दत्तूजवळ ठेवून ते विडा न घेताच गेले होते.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यापुढच्याही. हाक मारली तर खिडकीतूनच, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, "मेसमध्यें सांगून ठेवलं आहे." आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी माफी मागायला तीनचारदा मागच्या दारापर्यंत गेलो आणि पाण्याच्या नळाबद्दल बोलून परत आलो. सुमन म्हणाली, "नळ चांगला वाहतोय. आता खरं काय ते बोला."

मग एका रविवारी मी त्यांना हात धरूनच आणलं. पुढच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात, जिथे आमच्याकडे परका माणूस जेवत नाही. माझ्या आणि वसंताच्या मधे पाट मांडला होता. ते उंबऱ्याशी थबकले.

"तुमच्या मेहुण्याचा प्रश्न बरोबर होता," ते म्हणाले. "मी दारांत उभा राहून पाहिलं. ऑफिसचा होतों, तें संपलं. घरचा म्हणायला पुरावा काय? मग राहतं तें एकच. त्यांत तुमचा दोष नाहीं. तंजावरास मामाच्या घरीं वाढलों, तिथेंहि शेवटची पंगत. मामा वाईट नव्हते. कोणी चौकशी केली नाहीं, इतकंच."

वसंता पाट सरळ करत म्हणाला, "राव, बसा ना. हा विळीचा नाही, साधा आहे."

पंचनदराव हसले, पण आत आले नाहीत. "अपिलाची मुदत टळली, पुणेकर."

मी बरंच काही पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. त्यांचं केळीचं पान त्यांच्या हातात नव्हतं, हे मात्र पहिल्यांदाच दिसलं. मी माझं पान उचलून त्यांच्या पाटापुढे ठेवलं.

"पंचनदराव," मी म्हणालो, "मी पेटी न उघडता सही केली. माझं चुकलं."