लिंबावरची मादी

"आज तरी फुलपाखराचं नाव काढू नका. पोरीचं लग्न जमून राह्यलं," कुमुदिनीबाईंनी नवऱ्याला बजावलं. हणमंतराव मुकाट्यानं अंगणात खुर्च्या मांडायला गेले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून फुलपाखरांनी त्यांना पार पछाडलं होतं.

ओवी आणि निहार आदिलाबादला एकाच ऑफिसात. दोघांनी एकमेकांना कधीच पसंत केलेलं. थोरांनी हो म्हणायचं तेवढं बाकी. इचोड्याहून निहार आणि त्याचे वडील सुधाकरराव आले, पोहे झाले, बोलणं तारखेवर आलं आणि नेमकं तेव्हाच एक काळं, लाल ठिपक्यांचं फुलपाखरू अंगणातल्या लिंबावर येऊन बसलं.

"कॉमन रोज," सुधाकरराव सहज म्हणाले. त्यांची सगळी नोकरी वनखात्यात गेली होती.

हणमंतरावांनी फार सोसलं, पण जित्याची खोड ती! "रोज नाई हो. कॉमन मॉर्मनची मादी. त्या कॉमन रोजचं सोंग घेते. रोजचं अंग लाल असते, हिचं काळं पाहा."

"लाल ठिपके दिसून नाई राह्यले काय तुमाले?"

"ठिपके नका पाहू, अंग पाहा!"

"मले शिकवता? मी जंगलात होतो!"

"जंगलात नाई, जंगलाच्या ऑफिसात!"

सुधाकरराव ताडकन उठले.

"पप्पा, बसा ना," निहार कळवळला.

"कायले बसू? ज्याईले रोज ओळखू येत नाई, त्याईले माणसं काय ओळखू येतील? चाल!"

ओवीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुधाकररावांनी एका पायात चप्पल घातलीसुद्धा. तेवढ्यात काळं, पांढऱ्या पट्ट्याचं दुसरं फुलपाखरू आलं.

"हा पाहा मॉर्मन! नर! शेंबडं पोरगंबी ओळखते याले!" सुधाकरराव दुसरी चप्पल शोधता शोधता गरजले.

नर लिंबावरच्या तिच्याभोवती घिरट्या घालू लागला. बघता बघता दोघांची जोडी जमली आणि सगळ्यांच्या देखत एकाच पानावर चिकटून बसली.

नर मॉर्मन, म्हणजे मादीही मॉर्मनच! पुरावा डोळ्यांसमोर होता, पण लेकीच्या आणि होणाऱ्या जावयाच्या देखत त्याच्याकडे बोट दाखवायचं कसं? हणमंतराव आभाळ न्याहाळू लागले, निहारनं मोबाइल काढला. सुधाकररावांनी हळूच चप्पल पायातून काढली.

"पोहे मस्त झाले होते बरं का," ते म्हणाले.

"त्याईचं जमलं," कुमुदिनीबाई दारातून म्हणाल्या. "आता आपलं बोला."

"आपलंबी जमलं. तारीख काढा," सुधाकरराव पुटपुटले.

"मी तर पयलेच म्हटलं होतं का—" हणमंतरावांनी तोंड उघडलं. कुमुदिनीबाईंनी त्यात अख्खा पेढा कोंबला.