खोडलेल्या मेसेजांची क्षमा

जिनेश लुणावतने मोबाइल बदलायचं ठरवलं, एवढंच. माणसं मोबाइल बदलतात, त्यात वावगं काही नाही. पण वाशीमच्या पाटणी चौकाजवळ स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या या माणसाने चारचौघांसारखा फोन घ्यावा, हे त्याच्या शाळासोबत्याला, प्रसेनजित खिल्लारेला, पटलं नाही. प्रसेनजित इंजिनिअर होता. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो वाशीमला घरी बसून करायचा आणि उरलेल्या वेळात मित्रांना शहाणं करायचा.

"ओपन सोर्स घे," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हंजे आतलं सॉफ्टवेअर सगळ्यायसाठी उघडं. कोणी बी पाहावं, कोणी बी बदलावं. तुले काही नवीन पायजे असलं तं सूचना लिहायची. जगभरातले लोक वाचतात. पटली तं बनवून टाकतात."

"माही सूचना? जगभरातले लोक?"

"तुहीच."

इथेच जिनेशचा घात झाला. गेल्या सोळा वर्षांच्या संसारात त्याची सूचना घरातसुद्धा कोणी ऐकली नव्हती. दुकानात त्याने ‘भांडी वाजवून पाहू नयेत’ अशी पाटी लावली होती. (ती वाचल्यावरच गिऱ्हाइकांना भांडी वाजवून पाहायची आठवण व्हायची.) आणि इथे तर अख्खं जग कान देऊन बसलेलं!

फोन आला. बायको खुशबूने तो उलटसुलट करून पाहिला आणि त्याचं नाव ‘उघडा फोन’ ठेवलं. जिनेशने तिकडे दुर्लक्ष केलं, कारण तो सूचना लिहीत होता. तो वऱ्हाडीत सांगायचा आणि प्रसेनजित ती इंग्रजीत चढवायचा. पहिली सूचना अशी की, नुसता अंगठा पाठवणाऱ्याला फोनने परस्पर ‘म्हणजे काय?’ असं विचारावं. दुसरी, ‘शुभ सकाळ’चे सगळे मेसेज आठवडाभर एका पिशवीत साठवावेत आणि रविवारी एकदम ओतावेत. एका जर्मन गृहस्थाने उत्तर दिलं : ‘रोचक कल्पना. धन्यवाद.’

या तीन शब्दांची जिनेशने छापील प्रत काढून आणली. त्यानंतर कुकर घ्यायला आलेल्या बाईला शिट्टीच्या आधी जर्मनी ऐकावी लागे.

पण खरी कल्पना सुचली ती पर्युषण महिन्यावर आलं तेव्हा. संवत्सरीनंतर, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसानंतर, जैन माणूस सगळ्यांची क्षमा मागतो, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. मागच्या वर्षी जिनेशच्या फोनवर असे तीनशे मेसेज आले होते आणि तीनशेंवर तेच एक गुलाबी कमळ होतं. ज्याच्याशी आयुष्यात भांडण नाही, त्यानेही कमळ पाठवलं होतं. ज्याच्याशी होतं, त्यानेही तेच. जिनेशला ते मनापासून खटकलं होतं.

"प्रश्या," तो म्हणाला, "माणूस रागात मेसेज लिहिते. मंग इचार करते आन् खोडून टाकते. पण राग तं आला होता ना? त्याची क्षमा कोण मागन?"

प्रसेनजित ताडकन उठून उभा राहिला. 

"जिन्या, हे लय भारी आहे बे!"

"फोननं ध्यानात ठेवाव. कोणाले मेसेज लिहून खोडला, कवा खोडला. आन् आपण सांगू त्या दिवशी ज्याची त्याले क्षमा पाठवाव."

"झालं समज. खोडलेलं तसं बी फोनच्या पोटात पडून राहते, मागचं जुनं बी निघन."

"पण कशाची क्षमा, ते बी सांगाले पायजे. नाही तं ते कमळच झालं पुन्हा."

"म्हंजे खोडलेलं सोबत जोडू?"

"जोड."

"सगळं?"

"अर्धी क्षमा असते काय बे?"

हे वाक्य जिनेशला स्वतःलाच इतकं आवडलं, की त्याने ते सूचनेच्या मथळ्यावर टाकायला लावलं. आपण नेमकं काय जोडायला सांगतोय, याचा विचार करायला मग वेळच उरला नाही.

सूचना मंजूर झाली! सतरा देशांतल्या लोकांनी तिला पसंती दिली, प्रसेनजितने कोड लिहिला, जर्मन गृहस्थाने तो तपासला आणि चाचणीसाठी नवं सॉफ्टवेअर जिनेशच्या फोनवर आलंसुद्धा. गावातल्या एका पेपरात ‘वाशीमच्या भांडेविक्रेत्याची कल्पना जगाच्या खिशात’ असा मथळा झळकला. जिनेशचे वडील मांगीलालजी शिरपूरच्या जैन मंदिरात दर्शनाला गेले, तेव्हा जाताना कंडक्टरला आणि येताना ड्रायव्हरला त्यांनी ते कात्रण दाखवलं. "माह्या पोराच्या डोक्यावर जर्मनीतले लोक काम करून राह्यले," ते सांगायचे. (ऐकणाऱ्याला वाटायचं, पोराचं ऑपरेशन आहे.) व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी येत्या रविवारी जाहीर सत्कार ठेवला. जिनेशने सत्कारासाठी नवं जाकीट शिवायला टाकलं आणि आरशासमोर नम्र चेहऱ्याचा सराव सुरू केला.

संवत्सरीचा उपास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आपलं काम करणार होता. जिनेश आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, फोन समोर ठेवून गॅलरीत बसला. सातला फोन एकदा वाजला आणि पडद्यावर अक्षरं आली : ‘त्रेचाळीस क्षमा पाठवल्या.’

"त्रेचाळीस?" जिनेश चमकला. त्याच्या अंदाजाने चार, फार तर पाच व्हायला हव्या होत्या. आपण इतका शांत माणूस!

तेवढ्यात मांगीलालजी जिना चढून वर आले. हातात त्यांचा फोन.

"जिनू, तुह्या नावानं कायतरी आलं पाय. बारीक अक्षर हाये, वाच बरं."

जिनेशने अभिमानाने फोन घेतला आणि वाचायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. समोर लिहिलं होतं : ‘दिनांक अकरा जून रोजी मी आपल्याबद्दल पुढील मजकूर लिहिला व खोडला : बाबूजी, तुमी दुकानात बसले की गिऱ्हाईक तुमच्याशी गप्पा मारते आन् भांडे समोरच्या दुकानातून घेते. या वाईट विचाराबद्दल क्षमा असावी.’

"वाच ना," मांगीलालजी म्हणाले.

"बाबूजी, तुमी दुकानात बसले की गिऱ्हाईक... गिऱ्हाईक प्रसन्न होते. क्षमा असावी."

"मंग याच्यात क्षमा कायची?"

"ते... मी तुमाले कधी सांगतलं नाही ना, त्याची."

मांगीलालजींचे डोळे पाणावले. असा मुलगा! जर्मनीला जे कळलं ते आपल्याला आता कळतंय, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी जिनेशच्या पाठीवरून हात फिरवला. एवढ्यात आई, पानाबाई, पारण्याचं मुगाचं पाणी घेऊन आली. तिच्या नाकावर चष्मा होता, हे जिनेशचं दुर्दैव.

"पाहू द्या मले बी," असं म्हणून तिने फोन घेतला आणि खणखणीत आवाजात वाचलं. जे होतं ते. सगळं.

 मांगीलालजींनी रस्त्याकडे पाहिलं.

"तरीच," ते म्हणाले, "समोरचा दुकानदार मले रोज चहा काहून पाजते, ते आज समजलं."

ते मुगाचं पाणी घेऊन खाली गेले. रागावले की नाही, हे त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. जिनेशने लगेच प्रसेनजितला फोन लावला.

"मुबारक हो!" तिकडून आनंदी आवाज आला. "चाललं बे! मले सहा आले!"

"बंद कर ते! आत्ताच्या आत्ता बंद कर!"

"आता काय बंद करू? गेले ते. तिसरा बेस हाये तसा. ‘प्रश्या, तुले कम्प्युटर समजते, माणसं समजत नाहीत.’ म्हणून तं मी तुले दोन खेपा इचारलं, जोडू काय, सगळं जोडू काय."

जिनेशने फोन ठेवला, तर अध्यक्षांचा आला. त्यांच्या बाबतीत काय लिहिलं होतं, ते जिनेशला आठवलं. ‘तुमच्या भाषणानं माह्या दुकानातलं स्टील बी गंजलं.’ सत्कार गेला. जाकीट गेलं. आता वाशीमच्या बाजारात तोंड कसं दाखवायचं?

"जिनेशभाऊ," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "तीस वर्षं भाषण करून राह्यलो. मले खरं कोणी सांगतलं नाही. तुमी सांगतलं. रविवारी फक्त पाच मिनिटं बोलन."

जिनेश खुर्चीत कोसळला. म्हणजे सत्कार होता! जग इतकं चांगलं आहे, याची त्याला कल्पनाच नव्हती. पण सुटकेचा श्वास अर्धाच घेतला गेला, कारण त्याला एकाएकी जाणवलं की सकाळपासून स्वयंपाकघरातून एकही आवाज आलेला नाही.

तो दबकत दाराशी जाऊन उभा राहिला. खुशबू ओट्याला टेकून फोन वाचत होती.

"अकरा आले," ती मान वर न करता म्हणाली.

"खुशबू, ते मशीन आहे, त्याले काही..."

"एक. ‘फुलका फुगत नाही, तूच फुगते.’ क्षमा असावी." ती बातम्या वाचाव्यात तशी वाचत होती. "दोन. ‘तुह्या भावाले पाहुणा म्हणू की भाडेकरू?’ क्षमा असावी. तीन वाचू?"

"नको."

तिने तीन वाचला. मग चार, पाच, सहा, एक शब्द न गाळता. दहापर्यंत येईस्तोवर जिनेश दाराच्या चौकटीला पालीसारखा चिकटला होता. अकराव्याला मात्र ती थांबली. पुन्हा मनाशी वाचला. मग तिचा आवाज बदलला.

"दिनांक नऊ मे रोजी मी आपल्याबद्दल पुढील मजकूर लिहिला व खोडला : ‘तू नाही तं घर खायले उठते. दुकानातून आल्यावर कुलूप उघडू वाटत नाही. लवकर ये.’ या वाईट विचाराबद्दल क्षमा असावी."

मे महिन्यात ती वीस दिवस कारंज्याला माहेरी गेली होती. जिनेशला ती संध्याकाळ आठवली. सोळा वर्षांनी बायकोला असं लिहायचं म्हणजे कसंतरीच, म्हणून त्याने ते खोडलं होतं आणि त्याऐवजी पाठवलं होतं : ‘दूधवाल्याचा नंबर दे.’ त्याने खोडलं म्हणजे तो राग असणार, असं त्या बिचाऱ्या फोनला वाटलं होतं. शिकवलंच होतं तसं.

"हे पाठवलं काहून नाही?" खुशबूने विचारलं.

"तू हसली असती."

"मंग? हसली असती तं काय झालं असतं?"

 खुशबूने पदराने डोळे पुसले आणि फोन ओट्यावर ठेवला.

"दहायची क्षमा केली," ती म्हणाली. "अकरावा खोडला, त्याची नाही करत. आन् भाऊ येत्या शनिवारी येऊन राह्यला. पंधरा दिवस राहीन."

जिनेशने मान डोलावली. आनंदाने डोलावली, हे सांगितलं पाहिजे. त्या दुपारी त्याने राहिलेल्या चोवीस मेसेजांचा धीराने निकाल लावला. काहींना समक्ष भेटून, काहींना फोन करून. अनसिंग गावच्या एका गिऱ्हाइकाने तर सांगितलं, "भाऊ, मी बी तुमाले मनातल्या मनात लय शिव्या देल्ल्या हायेत, पण माह्या फोनात ते मशीन नाही." दोघेही पोट धरून हसले. संध्याकाळी मांगीलालजी दुकानात आले, आणि गप्पा मारायच्या आधी त्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात डबा दिला.

रविवारचा सत्कार थाटात झाला. अध्यक्षांनी जिनेशचा मेसेज स्वतःच वाचून दाखवला आणि आपण पाचच मिनिटं का बोलणार आहोत, हे पन्नास मिनिटं समजावून सांगितलं. जिनेश नव्या जाकिटात बसून होता. पहिल्या रांगेत खुशबू, तिच्या शेजारी तिचा भाऊ, पलीकडे आईबाबूजी. नम्र चेहरा काही त्याला जमला नाही. तो नुसता फुलून आला होता.

पुढच्या महिन्यात फोनच्या सॉफ्टवेअरची पक्की आवृत्ती निघाली. प्रसेनजितने झाला प्रकार कळवला होता आणि जर्मन गृहस्थाने दुरुस्ती केली होती : आता प्रत्येक मेसेज आधी मालकाला दिसणार आणि त्याने ‘हो’ म्हटलं तरच जाणार. सोबत वापरण्याची माहितीपुस्तिका होती, आणि तिच्यात वाशीमचं नाव होतं! प्रसेनजित ते दाखवायला धावत दुकानात आला.

"वाच, मराठीत वाच!" जिनेश म्हणाला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांनाही त्याने थांबवलं.

"‘सावधान,’" प्रसेनजित वाचू लागला. "‘पाठवण्याआधी प्रत्येक मेसेज नीट वाचा. वाशीम, भारत येथील एका वापरकर्त्याने तो वाचला नव्हता. त्याचे परिणाम खाली दिले आहेत.’ खाली दीड पान हाये."

जिनेशने ते तीनदा वाचून घेतलं. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"एक वापरकर्ता? नाव काहून नाही टाकलं?"

"तुही इज्जत राह्यली पायजे म्हणून, बे!"

"कायची इज्जत? सतरा देशांत जाऊन राह्यलं ते!" जिनेश गल्ल्यावरून उठला आणि त्याने प्रसेनजितसमोर कागदपेन्सिल ठेवली. "आत्ता लिही त्यायले. स्पेलिंग मी सांगतो. लिही, जे, आय, एन..."